मस्कीसाठी ल्युअरचा रंग कसा निवडायचा?

मस्की हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा, आणि ल्युअर म्हणजे त्याला भुलवणारं खोटं आमिष. आधी पाणी किती गढूळ आहे ते बघा, मग उजेड. आवडता रंग सगळ्यात शेवटी. बोटीच्या कडेला ल्युअर पाण्यात सोडा. दोन-तीन फुटांतच दिसेनासा झाला तर फायरटायगर (भडक हिरवा-पिवळा-नारंगी, काळ्या पट्ट्यांचा), नारंगी किंवा शार्ट्रूज (झगझगीत पोपटी-पिवळा) लावा. अमेरिकेच्या उत्तर विस्कॉन्सिनमधल्या बऱ्याच तळ्यांचं पाणी कुजलेल्या पाल्यामुळे चहासारखं तपकिरी असतं. तिथे बकटेलला (केसांची शेपटी आणि फिरती धातूची पाती असलेला ल्युअर) चांदीपेक्षा सोनेरी किंवा तांब्याच्या रंगाची पाती घ्या. पाणी सात-आठ फुटांपर्यंत स्वच्छ असेल तर तिथल्या भक्ष्याचा रंग घ्या: सिस्को मासे असतील तर चंदेरी-पांढरा, पर्च मासे असतील तर हिरवट-पिवळा पट्टेरी. लाल रंगाचा मात्र स्वच्छ पाण्यात खोलवर उपयोग नाही, कारण लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषला जातो आणि ल्युअर काळपट दिसतो. रात्री सरळ काळा लावा. मस्की खालून बघतो, आणि आभाळाच्या फिक्या उजेडावर काळी आकृतीच ठळक उठते. एवढं मात्र लक्षात ठेवा: मासा ल्युअरच्या मागे येऊन परत फिरत असेल, तर रंगाआधी वेग आणि खोली बदला, आणि प्रत्येक फेकीच्या शेवटी रॉडचं टोक पाण्यात बुडवून बोटीलगत ल्युअरने मोठा इंग्रजी आठ (8) काढाच.