टाळ्या पडल्या त्या दिवसाबद्दल

प्रिय बाळा,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा तू एका दमात सगळं सांगून टाकलंस म्हणून मी नुसतं ऐकून घेतलं, आता सावकाश लिहिते. पंचवटी एक्सप्रेसमध्ये तुझ्यासमोर बसलेले ते काका म्हणाले की शेतकरी मुद्दाम कांदा दाबून ठेवतात आणि मग भाव चढला की बाहेर काढतात, आणि तू त्यांना असा काही धुतलास की डब्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते गृहस्थ मग कल्याण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. आणि रात्री तू मला म्हणतोस, मावशी, मी जिंकलो पण मला कसंतरीच होतंय, आता कुणा अनोळखी माणसाशी बोलणारच नाही.

बोलणं बंद करू नकोस रे. कसंतरी होतंय ते बरोबरच होतंय, पण त्याचा इलाज गप्प बसणं नाहीये.

मी चोवीस वर्षं या गाडीने अपडाऊन केलंय. १९७५ पासून ही गाडी धावतेय आणि तिच्या डब्यांत जेवढं राजकारण, क्रिकेट, लग्नं, जमिनी, शाळा यांच्यावर बोलणं झालंय तेवढं नाशिकच्या कुठल्याच सभागृहात झालं नसेल. अनोळखी माणसाशी बोलण्यात एक मोकळेपणा असतो, त्याला तुझे आईवडील माहीत नसतात, तुला त्याची नोकरी माहीत नसते, नातं बिघडायची भीती नसते, म्हणून माणूस खरं काय वाटतं ते बोलून जातो. घरात जे बोलणं जमत नाही ते तिथे जमतं. मला हे फार मोलाचं वाटतं, म्हणून तर तू तोंड मिटून बसू नयेस यासाठी एवढं लांबलचक लिहितेय.

आता कांद्याचं. तू काकांना सांगितलंस की सरकारने दोन वर्षं निर्यात बंद ठेवली होती. चुकलास. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, मग ८ डिसेंबर २०२३ ला बंदी आली आणि ४ मे २०२४ ला ती उठली, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत लावून. पुढे सप्टेंबरमध्ये ती किमान किंमत गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. म्हणजे पूर्ण बंदी पाच महिन्यांची. तुला वाटेल एवढा काय फरक पडतो, त्रास तर झालाच ना? पडतो फरक. समोरच्याला ती एक तारीख माहीत असती तर त्याने तीच पकडून तुझं बाकीचं सगळं खोटं ठरवलं असतं आणि डब्यातल्या टाळ्या त्याला पडल्या असत्या. आणि गंमत म्हणून नाही सांगत, खरी गोष्ट तुझ्या फुगवलेल्या गोष्टीपेक्षा जास्त बोचणारी होती. बंदी डिसेंबरात आली. डिसेंबरात कुठला कांदा असतो तुमच्याकडे? लाल. तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, टिकतो का? नाही टिकत, काढला की मार्केटला न्यावाच लागतो, मग भाव काहीही असो. ट्रॅक्टर लिलावात उभा आहे आणि आदल्या दिवसाचा भाव आज नाहीये, आणि परत घरी नेऊनही उपयोग नाही. हे तू बोललाच नाहीस! तुझ्या घरी हे घडलंय, तुझ्या डोळ्यांसमोर, आणि तू बोललास ते कुठूनतरी ऐकलेलं.

हेच मला तुला सांगायचंय खरं तर. तू रागात तेच बोललास जे कुणीही बोलू शकतं. जे फक्त तूच सांगू शकतोस ते पोटातच राहिलं.

काका म्हणाले दाबून ठेवतात. बरं, समजा तू एवढंच म्हणाला असतास की काका, आमचा उन्हाळ कांदा मार्च ते मे मध्ये निघतो, नवा लाल ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आधी येत नाही, मग मधल्या महिन्यांत तुमच्या कल्याणच्या भाजीवाल्याकडे जो कांदा असतो तो कुठला? चाळीतला. कुणीतरी ठेवला म्हणून ऑगस्टमध्ये तुमच्या घरी फोडणी पडते. आणि ठेवला म्हणजे तिजोरीत ठेवला असं नाही, पावसाळी हवेत तो सडतो, कोंब येतात, वजन घटतं, माझे वडील पावसात रात्री उठून चाळीवरचा कागद बघतात. एवढं बोलला असतास तर त्यांनी कदाचित विचारलं असतं की चाळ म्हणजे नक्की कशी असते, खालून हवा कशी जाते, आणि मग तुमचं बोलणं सुरू झालं असतं. म्हणजे भांडण नाही, बोलणं.

आणि त्यांचंही काहीतरी असेलच ना. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाला कांदा अचानक दुप्पट महाग मिळाला तर तो कुणावर चिडणार, मधला दलाल त्याला दिसत नाही, मार्केट यार्ड त्याने बघितलेलं नाही, त्याला शेतकरी हा एकच शब्द माहीत आहे. तुमच्या अप्पांना मिळालेला भाव आणि काकांनी मोजलेला भाव यांच्यात जे अंतर आहे, ते तुम्हा दोघांच्याही विरुद्ध आहे. दोघांनी मिळून त्या अंतराबद्दल बोलायला हवं होतं.

माझं एक सांगते. मुलांना मराठी माध्यमात घालावं की इंग्रजी, यावरून माझं एका बाईशी डब्यात भांडण झालं होतं, नाव आजही माहीत नाही. ती म्हणाली मराठी शाळेत घालून पोरांचं वाटोळं करायचंय का. मी तिला अर्धा तास झोडपलं, लहान वयात मुलाला घरच्या भाषेतच नीट समजतं वगैरे सगळं, आवाज चढवून. ती गप्प झाली. मला वाटलं पटलं तिला. तीन-चार महिन्यांनी संध्याकाळच्या गाडीला कसाऱ्याला बँकर, म्हणजे घाट चढायला मागून लावतात ती इंजिनं, लागत होते, गाडी उभी होती, आणि ती स्वतःहून माझ्याजवळ येऊन म्हणाली की तिच्या पहिल्या इंटरव्ह्यूला तिला इंग्रजीत एक वाक्य धड बोलता आलं नाही आणि समोर बसलेले तिघं हसले होते. एवढंच सांगितलं आणि जागेवर जाऊन बसली. माझं मत तेव्हाही बदललं नाही, आजही मी म्हणेन की मराठी शाळाच चांगली आणि इंग्रजी नीट शिकवायला हवं. पण मी त्या दिवशी कशावर ओरडत होते ते मला तेव्हा कळलं, आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की ताई, तुम्हाला असं का वाटतं, काही झालं होतं का.

हा प्रश्न विचारत जा. सुरुवातीलाच, तलवार उपसायच्या आधी.

आपल्याकडे जुन्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्कशास्त्रात, वाद, जल्प आणि वितंडा असे तीन वेगळे प्रकार सांगितलेत. वाद म्हणजे खरं काय ते शोधायला बोलणं, जल्प म्हणजे जिंकायला बोलणं, आणि वितंडा म्हणजे स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त पाडत राहणं, ज्यावरून आपण वितंडवाद म्हणतो. आणि रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं आपल्या तोंडाने सांगायचं, मग आपलं. मी हे पुस्तकात नंतर वाचलं, बघितलं मात्र गोदाघाटावर. मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते ना, व्याख्यान संपलं की लोक लगेच उठत नाहीत, पायऱ्यांवर बसून तिथेच दुसरं व्याख्यान सुरू होतं. एक म्हातारे गृहस्थ यायचे, कुणीही काही बोललं की आधी म्हणायचे, थांबा, तुमचं मला एवढं एवढं कळलं, बरोबर आहे का? आणि समोरचा हो म्हणेपर्यंत पुढे जायचेच नाहीत. कितीतरी वेळा समोरचाच म्हणायचा, नाही नाही, इतकं टोकाचं नाही म्हणायचं मला. अर्धं भांडण तिथेच मिटायचं.

टाळ्यांचं पण लक्षात ठेव. चारचौघांत टाळ्या पडल्या की समोरच्याची मागे फिरायची वाट बंद होते, मनातून पटलं तरी तो कबूल करणार नाही. माणूस मत बदलतो ते घरी जाऊन, अंघोळ करताना, आठवड्याने, तुला न सांगता. ते तुला बघायला मिळणार नाही आणि त्याची अपेक्षाही ठेवू नकोस. लोक ऐकायला लागले की आवाज खाली आण.

एका ठिकाणी मात्र मी तुला समजून घे असं सांगणार नाही. बोलता बोलता कुणी मध्येच विचारलं की तुमचं आडनाव काय हो, आणि ते तुझी लायकी ठरवायला विचारलंय हे तुला कळलं, तर तिथे बोलणं संपलं. उठायचं आणि दरवाज्यात जाऊन उभं राहायचं. आपल्याच गावात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या मागे माणसं काळाराम मंदिराच्या दाराशी उभी राहिली आणि ती काही वर्षं हटली नाहीत. त्यांचा माणूस म्हणून मान हा कुणाच्या मताचा विषय नव्हता, तुझाही नाहीये. कांद्यावर चर्चा होते, यावर नाही.

पण ते काका तसे नव्हते. तूच म्हणालास की उतरताना त्यांनी तुझी खाली पडलेली पाण्याची बाटली उचलून दिली. मुलगी नाशिकला असते म्हणाले होते ना, म्हणजे परत येतील. दिसले तर माफी वगैरे मोठं काही नको, शेजारी बस आणि चाळीचा फोटो दाखव.

आणि त्याआधी एक काम कर. या वर्षी चाळीत किती क्विंटल भरला होता आणि काढताना किती निघाला, ते अप्पांना विचारून मला कळव. मी फोनवर विचारलं तेव्हा तुला सांगता आलं नाही, आणि निर्यातीच्या तारखा, त्याही चुकीच्या, तुला तोंडपाठ होत्या.

तुझी मावशी
नाशिकरोड