पिक्सेल ९ की पिक्सेल ९ए : तीस हजारांच्या फरकात नेमके काय मिळते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण चोपड्याला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवता, घरची केळीची बाग आहे, नवा फोन किमान पाच वर्षे चालावा अशी अपेक्षा आहे आणि गूगलचा पिक्सेल ९ घ्यावा की त्याचा स्वस्त भाऊ पिक्सेल ९ए, हे ठरत नाही. दुकानदाराने ‘ए म्हणजे हलका माल’ असे सांगितले, तर घरच्यांचे म्हणणे असे की नाव एकच असताना जास्तीचे पैसे कशाला घालायचे. मी जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्तीचे काम करतो, फोन विकत नाही, त्यामुळे आपण कोणता घेता यात माझा काही नफा-तोटा नाही. माझे मत असे की आपल्या वापरासाठी ९ए घ्यावा. पिक्सेल ९ घेणे शहाणपणाचे ठरेल अशी एकच परिस्थिती आहे, ती शेवटाकडे सांगतो.

दुकानदाराचे म्हणणे पूर्वी बरेचसे खरे असे. स्वस्त भावंडात आदल्या वर्षाची चिप, अंधूक पडदा आणि निम्म्या मुदतीचे अपडेट असा प्रकार सर्रास चालत असे. आज मात्र प्रत्येक कंपनी वेगळ्या जागी कात्री लावते, म्हणून ‘स्वस्तातला म्हणजे कमी’ हा नियम सरसकट लागू पडत नाही. अ‍ॅपलने आयफोन १६ई मध्ये चिपचे नाव ए१८ हेच ठेवले, पण मागचा एक कॅमेरा काढला आणि मॅगसेफ (चुंबकाने चिकटणारे वायरलेस चार्जिंग) वगळले. सॅमसंगच्या एस२४ एफई मध्ये पडदा आणि बॅटरी दोन्ही एस२४ पेक्षा मोठी आहेत, पण फोन जाड आणि वजनदार झाला. पिक्सेल ९ए मध्ये चिप तीच टेन्सर जी४ आहे, पडदा तसाच ६.३ इंचांचा आहे, उन्हात वाचता यावा म्हणून त्याची कमाल उजळता तीच २,७०० निट्स आहे, पाणी-धुळीपासून संरक्षणाचा दर्जा तोच आयपी६८ आहे आणि दोन्हींना सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन आहे. पिक्सेल ९ ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि ९ए २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये, त्यामुळे स्वस्त फोनचे अपडेट एप्रिल २०३२ पर्यंत, तर महागड्याचे ऑगस्ट २०३१ पर्यंतच चालणार आहेत. भारतात दोन्ही २५६ जीबीमध्ये आले, पहिला ७९,९९९ रुपयांना आणि दुसरा ४९,९९९ रुपयांना. म्हणजे ज्या गोष्टींवर फोनचे आयुष्य ठरते त्यांपैकी बहुतेक समान आहेत, आणि तीस हजार रुपये उरलेल्या गोष्टींचे आहेत.

त्या उरलेल्या गोष्टींत सर्वांत खरी गोष्ट कॅमेरा आहे, म्हणून तिच्याबद्दल नीट सांगतो. मुख्य कॅमेरा एकाचा ५० मेगापिक्सेलचा आणि दुसऱ्याचा ४८ चा, हे आकडे पाहून काहीच कळत नाही. खरा फरक आतल्या सेन्सरच्या आकारात आहे. पिक्सेल ९ चा सेन्सर बराच मोठा आहे आणि मोठा सेन्सर कमी उजेडात जास्त प्रकाश गोळा करतो. रात्रीची वरात, हळदीच्या मांडवातली पिवळी माळ, घरात ट्यूबलाइटखाली धावणारे मूल अशा फोटोंत पिक्सेल ९ चे चित्र अधिक स्वच्छ येते आणि हलणारी माणसे कमी पुसट होतात. दिवसाउजेडी मात्र हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, कारण प्रक्रिया करणारी चिप आणि सॉफ्टवेअर एकच आहे. दुसरा फरक अल्ट्रावाइडचा, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या जोडकॅमेऱ्याचा. ९ मध्ये तो ४८ मेगापिक्सेलचा असून त्याला ऑटोफोकस आहे, ९ए मध्ये १३ मेगापिक्सेलचा आणि ठरावीक फोकसचा आहे. आपण लिहिले आहे की केळीच्या पानावर करपा दिसला की जवळून फोटो काढून कृषी सल्लागाराला पाठवावा लागतो. जवळच्या फोटोची सोय ९ए मध्येही आहे, फक्त ती मुख्य कॅमेऱ्यातून चालते, आणि पानावरचे ठिपके व त्यांच्या कडा ओळखण्यासाठी तेवढे पुरते. शिवाय असे फोटो आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार, आणि व्हॉट्सअ‍ॅप त्यांचा आकार दाबून टाकतो. तपशील टिकवायचा असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. त्याने जो फरक पडेल तो या दोन कॅमेऱ्यांतल्या फरकाहून मोठा असेल.

काच हा दुकानात हमखास पुढे केला जाणारा मुद्दा आहे. पिक्सेल ९ ला पुढे-मागे गोरिला ग्लास व्हिक्टस २ आहे. ९ए ला पुढे गोरिला ग्लास ३ आहे, जी २०१३ ची पिढी आहे, आणि मागची बाजू प्लास्टिकची आहे. पुढच्या काचेच्या बाबतीत काटकसर झाली आहे हे मान्य करावेच लागेल, आणि माझ्या मते कंपनीने ती करायला नको होती. परंतु आमच्या टेबलावर येणाऱ्या फोनांत ओरखडे बहुतेक वाळूचे असतात, आणि वाळूतील क्वार्ट्‌झ कोणत्याही पिढीच्या काचेपेक्षा कठीण असतो, म्हणून टेम्पर्ड दोन्ही फोनांना लावावेच लागते. ते एकदा लागले की बोटाखालची काच दोघांचीही तीच. उलट प्लास्टिकची पाठ ही माझ्या दृष्टीने जमेची बाजू आहे, कारण काचेची पाठ फुटली की ती बदलण्याचा खर्च येतो आणि ती उचलताना केलेल्या तापवणुकीत आतले सीलही सैल होते. तसे झाले की आयपी६८ केवळ खोक्यावर उरते.

बोटाच्या ठशाचा सेन्सर हा फरक मात्र दुकानदार सांगत नाहीत आणि तो आपल्याला रोज जाणवेल. पिक्सेल ९ मध्ये तो अल्ट्रासॉनिक आहे, म्हणजे ध्वनिलहरींनी ठसा वाचतो. ९ए मध्ये ऑप्टिकल आहे, म्हणजे पडद्याचा प्रकाश टाकून बोटाचे चित्र घेतो. घामेजलेल्या किंवा ओलसर बोटाला पहिला लवकर दाद देतो. बागेत काम करून केळीचा चीक बोटांना लागला असेल तर मात्र कोणताच सेन्सर धड चालत नाही, तेव्हा पिनच टाकावा लागतो.

रॅम १२ जीबी विरुद्ध ८ जीबी आहे. आज रोजच्या वापरात हा फरक कळणार नाही, चौथ्या-पाचव्या वर्षी थोडा कळेल. फोनमध्येच चालणाऱ्या एआयच्या काही सोयी, उदाहरणार्थ स्क्रीनशॉटमधून माहिती शोधून देणे किंवा कॉलच्या नोंदी काढणे, ९ए मध्ये दिलेल्या नाहीत, आणि त्याचे कारण ही रॅमच आहे. आपल्याकडे निम्मे कॉल अहिराणीत चालतात, त्यामुळे या नोंदींवाचून आपले काही अडेल असे वाटत नाही. उपग्रहावरून आपत्कालीन संदेश पाठवण्याची सोय पिक्सेल ९ बरोबर अमेरिकेत सुरू झाली. ती अमेरिकेतली सोय आहे, तेव्हा सातपुड्यात रेंज नसते म्हणून इथे तिच्यासाठी पैसे मोजू नयेत. वायफाय ७ आणि जलद वायरलेस चार्जिंग यांबद्दलही माझे हेच मत आहे.

आता उन्हाळ्याकडे येतो, कारण खान्देशात फोन निवडताना हाच मुद्दा पहिला असायला हवा आणि कोणत्याही तुलनात्मक व्हिडिओत तो नसतो. बहुतेक कंपन्या आपला फोन ० ते ३५ अंश तापमानाच्या हवेत वापरावा असे सांगतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि शर्टाच्या खिशात किंवा मोटारसायकलच्या हँडलवर फोन त्याहून अधिक तापतो. असा तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी आधी पडद्याची उजळता उतरवतो, मग चिपचा वेग कमी करतो, मग चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. म्हणजे ज्या २,७०० निट्सच्या पडद्याची जाहिरात होते तो भर दुपारी बागेत सर्वांत गरजेच्या वेळी मंदावतो, आणि हे ऐंशी हजारांच्या फोनमध्येही तसेच घडते. दोघांत चिप एकच असल्याने उष्णताही जवळपास सारखीच निर्माण होते. जास्त पैसे देऊन थंड फोन मिळेल अशी कल्पना असेल तर ती सोडून द्यावी. हँडलवर फोन लावण्याबाबत आणखी एक सांगायचे तर, मोटारसायकलच्या तीव्र कंपनांनी हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी कॅमेऱ्यातील यंत्रणा बिघडू शकते असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये आपल्या फोनांबाबत दिला होता, आणि तशीच यंत्रणा या दोन्ही पिक्सेलमध्ये आहे. चोपडा-यावल रस्त्यावर रोज ये-जा असेल तर फोन हँडलवर न लावता बॅगेत ठेवणे बरे.

उष्णतेचा खरा घाव बॅटरीवर बसतो. लिथियम-आयन बॅटरीच्या आतील नको त्या रासायनिक क्रिया तापमानाबरोबर वेग घेतात, आणि भरलेली बॅटरी तापलेली राहिली तर झीज सर्वांत जास्त होते. उन्हाळा संपता संपता आमच्याकडे फुगलेल्या बॅटऱ्यांचे फोन येऊ लागतात, ते बहुधा गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंगला लावलेले असतात. या बाबतीत ९ए ला ५,१०० एमएएचची बॅटरी आहे आणि ९ ला ४,७०० ची. एकच चिप आणि सारखाच पडदा असताना मोठ्या बॅटरीचा अर्थ असा की रोज थोडे कमी चार्ज करावे लागते, म्हणजे तेवढ्याच वर्षांत चार्जिंगची चक्रे (बॅटरी पूर्ण भरण्याच्या फेऱ्या) कमी होतात. गावात दुपारी वीज गेली तर संध्याकाळपर्यंत तग धरण्याच्या दृष्टीनेही हा फरक उपयोगी आहे, आणि तो स्वस्त फोनच्या बाजूचा आहे.

मात्र ९ए च्या बॅटरीबाबतची एक गोष्ट आपल्याला खरेदीआधी माहीत असली पाहिजे. गूगलने त्यात एक व्यवस्था घातली आहे, जी २०० चार्जिंग चक्रांनंतर बॅटरीचा कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने उतरवते आणि १,००० चक्रांपर्यंत हे चालू राहते. बॅटरी फुगू नये, दीर्घकाळ स्थिर राहावी हा तिचा हेतू आहे, आणि ९ए मध्ये ती बंद करता येत नाही. परिणामी बॅटरी कागदावर आहे तितकी प्रत्यक्षात राहत नाही, हळूहळू लहान होत जाते. आपल्या हवामानात ही सक्ती मला एका अर्थाने पसंत आहे, पण सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन देणाऱ्या कंपनीने सातही वर्षे तीच बॅटरी चालेल असे कुठेही म्हटलेले नाही हे लक्षात ठेवावे. पाच वर्षांच्या हिशेबात, फोन ९ असो वा ९ए, मध्ये कधीतरी एकदा बॅटरी बदलण्याचा खर्च धरूनच चालावे.

हा खर्च कुठे करणार, हा प्रश्न फोन निवडण्याइतकाच महत्त्वाचा आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकून अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे, तिथे फोन हातात घेतात की कुरिअरने पाठवावा लागतो आणि डिस्प्लेचा दर काय, हे पैसे देण्याआधी पाहावे. खूप विकल्या जाणाऱ्या फोनांचे फोल्डर, म्हणजे काचेसह पडद्याचे संच, आमच्या बाजारात सहज मिळतात, पिक्सेलचे तितके सहज मिळत नाहीत, आणि मिळाले तरी ते कंपनीचे आहे की कॉपी हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही. कॉपी फोल्डर लावल्यावर ठशाचा सेन्सर अडखळतो, उन्हातला पडदा अंधूक दिसतो, आणि माणूस फोनला दोष देत बसतो. जवळचे सेंटर फार लांब असेल आणि फोनविना आठवडाभर राहणे आपल्याला परवडणार नसेल, तर मी पिक्सेलच्या दोन्ही पर्यायांऐवजी ज्या कंपनीची दुरुस्ती जळगावातच होते तिचा फोन घ्या असे सांगेन.

आता पिक्सेल ९ घेण्याची ती परिस्थिती. फ्लॅगशिपची, म्हणजे कंपनीच्या मुख्य महागड्या फोनची, किंमत स्वस्त भावंडाच्या किमतीपेक्षा वेगाने उतरते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पिक्सेल १० आल्यापासून पिक्सेल ९ मागच्या पिढीत गेला आहे. त्यामुळे तीस हजारांचा फरक हा छापील किमतींचा फरक आहे, प्रत्यक्षात दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये तो बराच आकसू शकतो. तो सात-आठ हजारांच्या आत आला आणि घरात लग्नकार्ये, लहान मुले असे रात्रीच्या फोटोंचे प्रसंग असतील, तर पिक्सेल ९ खुशाल घ्यावा. फक्त सेलमधला भाव पाहताना तो विशिष्ट बँकेच्या कार्डावरचा आहे का आणि जुन्या फोनच्या एक्सचेंजची रक्कम धरून दाखवला आहे का, हे वेगळे करून पाहावे. ‘नो कॉस्ट ईएमआय’ घेणार असाल तर रोखीने घेतल्यास मिळणारी सवलत त्यात जाते का आणि प्रोसेसिंग फी किती, हे विचारावे. आपण लिहिले आहे की ९ साठी हप्ते करावे लागतील आणि ९ए रोखीने बसतो. फरक वीस हजारांच्या वर असेल तर केवळ एवढ्या कारणानेही मी ९ए कडे झुकेन.

खोक्यात चार्जर दोन्हींच्या नाही. यूएसबी पॉवर डिलिव्हरीचा चांगल्या कंपनीचा चार्जर वेगळा घ्यावा, जुना मायक्रो यूएसबीचा चार्जर अडॅप्टर लावून वापरू नये. बिल जीएसटीचे पक्के घ्यावे आणि त्यावरचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) फोनवर *#०६# दाबून येणाऱ्या क्रमांकाशी दुकानातच ताडून पाहावा.