आजोबांच्या .315 रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या घरी भरता येतील का? (खानापूर)

नाही, घरी भरू नका. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे आणि रायफल बाळगण्याचा परवाना त्याला चालत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी जुन्या पुंगळीचा भरवसा नसतो. आत डोकावून बघा: मधोमध एक भोक नसून बाजूबाजूला दोन बारीक भोकं दिसली, तर ती बर्डन पद्धतीची. तिची वापरलेली टोपी (बुडातला, ठोका बसला की बार पेटवणारा छोटा भाग) साध्या सुईने ढकलून निघत नाही. त्यातून टोपीत पाऱ्याचा मसाला असेल, तर बार उडाल्यावर पितळ ठिसूळ होतं, बाहेरून कितीही चकचकीत दिसो. (क्लोरेटच्या टोप्या नळीला गंज आणतात, खानापूरच्या पावसात तर विचारूच नका.) .315 हा आपल्याकडचाच, बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या रायफलींचा बोअर (नळीचं माप), म्हणून परवानाधारक दुकानात तयार काडतुसं मागा. मात्र आधी परवाना तुमच्या नावावर हवा. आजोबांच्या नावाचा चालणार नाही, त्यासाठी बेळगावचं डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस. आणि शिकारीचा विचार असेल तर तो 1972 च्या वन्यजीव कायद्याने केव्हाच बाद केलाय.