ग्रुप थेरपीला पहिल्यांदा जातोयस तर
पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं काही नाही रे भाऊ, नाव सांग अन् ऐकत बस. ग्रुप म्हणजे साधारण ६ ते १० जण अन् एक-दोन थेरपिस्ट, आणि तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, मग धरमपेठेत चहाच्या टपरीवर कोणी ग्रुपमधला दिसला तरी विषय काढायचा नाही, नागपूर लहान आहे बाप्पा.

थेरपिस्ट कदाचित जेनोग्राम काढायला लावतील, म्हणजे घरातल्या माणसांचा अन् नात्यांचा नकाशा, तीन पिढ्यांचा, माणूस चौकोन, बाई गोल, अन् जिथं भांडण तिथं नागमोडी रेघ. हे मात्र मन लावून कर. आजोबांची दारू, जेवताना बाबांचं एकदम गप्प होऊन ताट सरकवणं, अन् ऑफिसात कोणी आवाज चढवला की तुझे हातपाय गार पडणं, हे सगळं एकाच कागदावर दिसलं की लिंक लागायला लागते.

त्याच रात्री घरी जाऊन आईला जाब विचारू नको, तिनंही कमी भोगलं नसेल. ग्रुपात दुसऱ्याला सल्ले देत बसू नको (मीच इथं देतोय, ते सोड). सेशननंतर एखाद-दोन दिवस झोप बिघडू शकते, चालते, पण जीव द्यावासा वाटला तर पुढच्या सेशनची वाट पाहायची नाही, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव, चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलतात.