कुत्र्याने स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून त्याला मारावंच लागतं का?

नाही. एकदाही नाही.

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांचा कुत्रा स्वयंपाकघरात आणि बेडरूममध्ये शिरतो आणि सासरे म्हणतात, 'त्याला सगळं कळतं, मुद्दाम करतो, एकदा चांगला फटकावला की बरोबर ऐकेल.' ते 'मुद्दाम करतो' वाचलं आणि राहवलं नाही. याच दोन शब्दांवरून माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं सात वर्षं वाजतंय.

आमचा गोटू स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा पाडायचा. पाडायचा दुपारी. दादा संध्याकाळी कामावरून आला की कॉलर धरून त्याला तिथपर्यंत ओढत न्यायचा, नाक कचऱ्याजवळ धरायचा आणि वर्तमानपत्राची सुरळी करून पाठीत दोन ठेवून द्यायचा. दुपारच्या डब्याचा आणि संध्याकाळच्या माराचा संबंध कुत्रा लावू शकत नाही. बक्षीस असो वा शिक्षा, कृतीनंतर एकदोन सेकंदांत झाली तरच त्याला ती त्या कृतीशी जोडता येते. गोटू एवढंच शिकला की कुलपात किल्ली फिरली की पलंगाखाली जायचं. डबा पडायचा काही थांबला नाही.

मग एका रविवारी मी गोटूला दीड तास फिरवून आणलं. निघताना डब्यातली पिशवी मीच बदलली होती, डबा सरळ उभा होता. परत आलो तर डबा आडवा, कचरा फरशीभर, खिडकीच्या कट्ट्यावर शेजारच्या मांजरीच्या ओल्या पायांचे ठसे, आणि दादा कमरेवर हात ठेवून उभा. गोटूने त्याच्याकडे पाहिलं. कान मागे चिकटवले, शेपूट पोटाखाली घातली, ओठ चाटले, एक पंजा उचलून तसाच थांबला. "बघ, कबूल करतोय," दादा म्हणाला. गोटूचा पट्टा अजून माझ्या हातात होता! मी ठसे दाखवले तर म्हणाला, "जुनं काहीतरी आठवलं असेल त्याला." आजही तो तेच म्हणतो.

सासऱ्यांना हे जरूर वाचून दाखवा: अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने 2009 साली नेमकं हेच तपासून प्रसिद्ध केलं. 14 कुत्रे घेतले. मालकाने 'खायचं नाही' असं बजावून खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्याने खाल्लं की नाही हे मालकाला काही वेळा खरं सांगितलं, काही वेळा खोटं. 'अपराधी चेहरा' खाल्लं की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. उलट ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचे चेहरे सर्वांत पडलेले. म्हणजे आपण ज्याला कबुली समजतो ती भीती असते.

आता शिकवायचं कसं. स्वयंपाकघराला उंबरठा नसेल तर दारात रंगीत चिकटपट्टी लावा, म्हणजे घरातल्या माणसांनाही हद्द कळते. चारही पाय पट्टीबाहेर असले की लगेच खाऊ, आणि तो बाहेरच्या बाजूला टाकायचा, स्वयंपाकघरातून हात लांब करून द्यायचा नाही. पाय आत पडला तर ओरडू नका, त्याच्या समोर जाऊन शांतपणे पुढे सरका, तो मागे हटतो. हटला की खाऊ. शब्द एकच ठेवा, 'बाहेर' म्हणा, आणि घरातल्या सगळ्यांनी तोच म्हणायचा. बाहेर त्याची चटई टाका. नुसतं 'इथे नको' त्याला समजत नाही, 'मग कुठे' हे दाखवावं लागतं. आधी पाच सेकंद, मग मिनिट, मग तुम्ही आत काम करताना.

लक्ष नसेल तेव्हा दाराला लहान मुलांचं अडसर फाटक लावा. यात कमीपणा वाटून घेऊ नका. चोरून आत जाऊन एकदा काही तोंडाला लागलं की आठवड्याची मेहनत वाया. दहा वेळा नाही म्हणून अकराव्यांदा कुणी ओट्यावरून तुकडा टाकला तर तो बारा वेळा येऊन बघणारच. कधीतरी मिळणारं बक्षीस सवय सर्वांत घट्ट करतं. आमच्याकडे हे तुकडे कोण टाकायचं? दादाच.

मध्येच एक टप्पा येतो. स्वयंपाकघरात मिळणारे तुकडे बंद झाले की कुत्रा आधीपेक्षा जास्त घुसतो, भुंकतो. तिथे कच खाल्लीत तर संपलं. गोटूला पाच आठवडे लागले. बेडरूमसाठी वेगळं काही नाही, दार लावून घ्या.

दोन गोष्टी राहिल्या. घरात कधीच घाण न करणारा कुत्रा अचानक बेडरूममध्ये लघवी करायला लागला किंवा पाणी फार प्यायला लागला तर तो शिकवणीचा विषय नाही, डॉक्टरांकडे न्या. आणि स्वयंपाकघराचा नियम फक्त शिस्तीसाठी नाही: कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट त्याच्यासाठी विषारी आहेत, तेव्हा डबा झाकणाचाच घ्या.

खाऊची वाटी पहिल्या दिवसापासून सासऱ्यांच्या हातात द्या. दादाने ती कधी हातात घेतली नाही. गोटू आता नऊ वर्षांचा आहे, आणि दादाने पेपर उघडला की अजूनही उठून दुसऱ्या खोलीत जातो.