चहाचा डबा जागेवर राहू द्या

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. अकरा वर्षं इंग्लंडात काढून मे महिन्यात बेळगावात, शहापूरला सासरी परत आलात. थोरली बारा वर्षांची, धाकटा सहाचा. नवऱ्याचं आणि अण्णांचं, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं, रोज कशावरून तरी वाजतं. थोरली शाळेतून आली की खोलीचं दार लावून घेते. शेजारच्या काकू विचारतात, "तिकडं काय कमी होतं म्हणून आलासा?" आणि शेवटच्या ओळीत तुम्ही मला विचारलंय, आमचं चुकलं का?

ते चार महिन्यांत कळत नाही. पण काय चाललंय ते माझ्या ओळखीचं आहे. नऊ वर्षांनी मस्कतहून टिळकवाडीत परतले, तेव्हा तिसऱ्याच दिवशी मी स्वयंपाकघरातली फळी आवरली. डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, चहा-साखर गॅसजवळ आणली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर चहाचा डबा तेवढा परत खिडकीपाशी, चिठ्ठीसकट. पहाटे पाचला दिवा न लावता त्या चहा टाकायच्या आणि त्यांचा हात तिथंच जायचा. मला वाटलं होतं, किती छान सोय केली.

परदेशात असताना आपल्या डोळ्यांसमोर घर असतं ते निघतानाचं. मागं राहिलेल्यांनी मात्र आपल्यावाचून चालवायची सवय करून घेतलेली असते. सिलिंडर कुणी लावायचा, बँकेत कुणी न्यायचं, रात्री छातीत दुखलं तर कुणाला हाक मारायची, सगळं ठरलेलं. त्या ठरलेल्यात आपण नसतो. आणि परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात आपण ते 'सोपं' करायला निघतो.

तुमच्याकडचं मोठं भांडण पाण्याच्या मोटारीवरून झालं. टाकी भरली की आपोआप बंद होणारी मोटार बसवायची, यात वाईट काय, असं तुमच्या नवऱ्याला वाटतं. वाईट काहीच नाही. पण आपल्या गल्ल्यांत नळाला रोज पाणी येतंच असं नाही आणि पाण्याचा दिवस हा अण्णांचा कामाचा दिवस असणार. पाइपात आधी हवा फुसफुसते, ते ऐकून उठायचं, दोन घरांना "पाणी आलं गा" म्हणून हाक द्यायची, मोटार लावायची, टाकी वाहायला लागली की धावत जाऊन बंद करायची. निवृत्त माणसाला गल्लीत एवढा मान दुसऱ्या कशानं मिळतो? मुलगा तेच काम यंत्राला द्यायला निघालाय. वर, अकरा वर्षं बापानं केलं ते चुकीचं होतं, असंही त्यातून ऐकू येतं. एक पावसाळा आणि एक दिवाळी जाईपर्यंत घरातलं काही बदलू नका. (सुटकेसना बुरशी आली असेल तर ती मात्र आजच पुसा. आपल्याकडचा पाऊस तुमच्या मुलांनी खऱ्या अर्थानं आत्ता पाहिला.)

आता थोरलीच्या कन्नडचं. 2015 च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत, सीबीएसईच्यासुद्धा, कन्नड शिकवणं बंधनकारक झालं आणि 2017-18 पासून पहिलीपासून वरच्या वर्गांत ते चढत गेलं. म्हणजे धाकटा सगळ्यांबरोबर सुरुवात करील, पण थोरली सातवीत अशा मुलांशेजारी बसलीय ज्यांची सहा वर्षं झालीत. बाहेरून आलेल्या मुलीला शाळा काय सवलत देते, ते मुख्याध्यापकांना लेखी विचारा. आणि शिकवणी लावा. तुमचे यजमान म्हणतात, तत्त्व म्हणून लावणार नाही. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तिथं लढू दे, पोरीच्या वहीत नको. मीही मराठी शाळेतलीच आहे, आणि तरी हे म्हणते.

देवनागरी येत असेल तर कन्नड लिपी वाटते तेवढी परकी नाही. वर्णांचा क्रम जवळपास तोच, बाराखडीही त्याच धर्तीवर चालते. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ मात्र वेगळे, तिथं आपली जीभ अडखळते. खडेबाजार ते गणपत गल्ली दुकानांच्या पाट्या वाचत चालायची, चार पाट्या वाचल्या की कुंद्याची मिठाई. अडकित्त्यातलं 'अडके' म्हणजे कन्नडमध्ये सुपारी, हे सांगा तिला, आजीच्या पानाच्या डब्यापाशी बसवून. उद्या शेताचा उतारा निघेल तोही कन्नडमध्ये. घरात तो वाचणारं कुणीतरी हवंच.

पैशाचं थोडक्यात. कायमचं परत आल्यावर एनआरई आणि एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची, खाती तशीच चालवता येत नाहीत, बँकेला कळवून बदलून घ्या. पौंड ठेवायचेच असतील तर परत आलेल्यांसाठी परकीय चलनाचं आरएफसी खातं असतं. मागच्या दहा आर्थिक वर्षांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, तर तिकडच्या मिळकतीवर काही काळ इथं कर लागत नाही, इथून चालवलेला धंदा सोडून. पासपोर्टवरच्या ये-जाच्या तारखा घेऊन एकदा सीएकडे जा. भाऊजींच्या ऐकीव माहितीवर राहू नका.

थोरलीचं दार वाजवत बसू नका. तिची मैत्रीण तिकडं राहिली, आणि इथल्या पोरी तिच्या मराठीला हसतात. साडेचार-साडेपाच तासांच्या फरकामुळं तिच्या मैत्रिणी आपल्या रात्री मोकळ्या होतात. शनिवारी उशिरापर्यंत बोलू द्या.

आणि यजमानांना सांगा, पुढच्या पाण्याच्या दिवशी अण्णांच्या आधी उठायचं नाही. त्यांच्या मागून जाऊन विचारायचं, "अण्णा, मोटार आत्ता लावू की अजून थांबू?"