दुबईत घर घेताय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत हल्ली शनिवार-रविवार दुबईतल्या घरांची प्रदर्शनं भरतात आणि त्यानंतर माझ्याकडे पत्रं येतात. विचारणा असते ती दुबईच्या कायद्याची. मला जास्त काळजी वाटते ती इथल्या कायद्याची. भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशात घर घेतलं तरी परकीय चलनाचा कायदा (फेमा) आणि प्राप्तिकराचा कायदा त्याला सुटत नाहीत.

ठाण्याचे एक वाचक विचारतात: एजंट म्हणतो, बुकिंगची रक्कम इथेच रुपयांत द्या, आमचा माणूस तिकडे बिल्डरला दिरहम भरेल. नाहीतर क्रेडिट कार्ड चालेल. हे बरोबर आहे का?

अजिबात नाही. एजंट काहीही म्हणो, पहिला प्रकार म्हणजे हवाला. फेमाखाली अशा व्यवहारावर रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून गंभीर म्हणजे, कायदा मोडून परदेशात मालमत्ता घेतल्याचं दिसलं तर तेवढ्याच किमतीची भारतातली मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार अंमलबजावणी संचालनालयाला आहे. म्हणजे टाच तुमच्या ठाण्यातल्या राहत्या घरावरही येऊ शकते. एजंटाने पावती दिली, बिल्डरने पत्र दिलं, तरी तुमच्या बँक खात्यातून पैसा बाहेर गेल्याची नोंद नसेल तर पुढे बचावाला काहीच उरत नाही.

क्रेडिट कार्डाचंही तेच. परदेशात मालमत्ता घेणं हा भांडवली व्यवहार आहे. त्यासाठी कार्ड चालत नाही आणि पैसे पाठवायला इथली बँक कर्जही देऊ शकत नाही. पैसा स्वतःचा हवा.

योग्य मार्ग रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेचा, म्हणजे बँकेमार्फत ठराविक मर्यादेत परदेशी पैसे पाठवण्याचा आहे. तुमच्या बँकेत ए-२ फॉर्म भरायचा, पॅन द्यायचा, परदेशातल्या स्थावर मालमत्तेचा पर्पज कोड (पैसे कशासाठी जातात ते सांगणारा क्रमांक) लावून घ्यायचा, सोबत कराराची प्रत जोडायची. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर पैसे थेट त्या प्रकल्पाच्या दुबईतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच बांधकामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात पाठवायचे. बिल्डरच्या दुसऱ्या खात्यात नाही, एजंटाच्या खात्यात तर नाहीच. बँकेची स्विफ्टची प्रत, म्हणजे पैसे परदेशी गेल्याचा पुरावा, खरेदीच्या कागदांत कायमची ठेवा. घर विकाल तेव्हा पहिल्यांदा तीच मागितली जाईल.

कोल्हापूरहून एक जोडपं: घर १६ लाख दिरहमचं आहे. मर्यादा किती आणि बँक २० टक्के कापते म्हणतात ते काय?

एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणजे एकाचे साधारण ९ लाख १८ हजार दिरहम होतात. दोघांचे मिळून १८ लाखांच्या वर जातात, तुमचं भागेल. मात्र दोघांनी आपापल्या खात्यातून पाठवा आणि खरेदीच्या कागदावर दोघांची नावं घ्या. वर्षभरात सहल, शेअर किंवा नातेवाइकांना भेट म्हणून जे परदेशी पाठवलंत तेही याच मर्यादेत मोजलं जातं.

२० टक्के म्हणजे टीसीएस, पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही, त्यावरच्या रकमेवर लागतो. एकाने १ कोटी पाठवले तर ९० लाखांवर १८ लाख, म्हणजे खात्यात १ कोटी १८ लाख तयार हवेत. हे १८ लाख बुडत नाहीत. तुमच्या प्राप्तिकरातून वळते होतात, उरलेले परत मिळतात. नोकरदारांना मालकाला कळवून पगारातल्या टीडीएसमधूनही वळते करून घेता येतात. पण परतावा येईपर्यंत पैसा अडकतो, आणि ऐन हप्त्याच्या वेळी लोकांची धावपळ होते ती याच कारणाने.

आणखी एक. पाठवलेले पैसे वापरले गेले नाहीत, तर १८० दिवसांत परत आणावे लागतात. सौदा पक्का होण्याआधी रक्कम तिकडे नेऊन ठेवू नका.

नाशिकचे वाचक: इमारत अजून उभी राहायची आहे. आपल्या महारेरासारखं तिथे काही आहे का? हप्ता थकला तर?

आहे, आणि आपल्या आधीपासून आहे. दुबईची रेरा २००७ साली स्थापन झाली आणि ती तिथल्या भूमी विभागाच्या अखत्यारीत चालते. एस्क्रो खात्याची सक्तीही त्याच वर्षीच्या कायद्याने आली. विभागाच्या 'दुबई रेस्ट' अॅपवर प्रकल्पाची नोंदणी, काम किती झालं आणि एजंटचा परवाना, सगळं पाहता येतं. टोकन देण्याआधी हे पाहा. तयार नसलेल्या घराची नोंद 'ओकूद' या तात्पुरत्या नोंदवहीत होते. ती तुमच्या नावावर झाल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. नोंदणी शुल्क ४ टक्के. कायद्यात ते घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने अर्धं अर्धं द्यायचं असलं तरी वेगळा करार चालतो, आणि करारात बहुतेक वेळा सगळं घेणाऱ्यावर टाकलेलं असतं.

परदेशी माणसाला पूर्ण मालकी फक्त ठरवून दिलेल्या भागांतच मिळते. तुमचं घर फ्रीहोल्ड (पूर्ण मालकीचं) आहे की ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, हे करारातच वाचा.

आता थकलेल्या हप्त्याकडे येतो, कारण इथे लोक फसतात. बिल्डर भूमी विभागाकडे जातो, विभाग तुम्हाला ३० दिवसांची नोटीस देतो. त्यातही तुम्ही भरले नाहीत, तर बिल्डर करार रद्द करू शकतो. बांधकाम सुरू झालेलं पण ६० टक्क्यांच्या आत असेल तर किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत आणि त्याच्या पुढे गेलं असेल तर ४० टक्क्यांपर्यंत रक्कम तो ठेवून घेऊ शकतो. शब्द नीट पाहा: किमतीच्या, तुम्ही भरलेल्या रकमेच्या नाही. १६ लाख दिरहमच्या घरापोटी ३ लाख २० हजार भरून तुम्ही थांबलात, तर २५ टक्के म्हणजे ४ लाख होतात. भरलेलं सगळं जातं. म्हणून हप्त्यांचं वेळापत्रक सहीच्या आधी आपल्या एलआरएस मर्यादेशी आणि टीसीएसशी जुळवून पाहा.

पुण्याच्या वाचक: दुबईत बरीच वर्षं राहून आम्ही परत आलो. तिथला फ्लॅट ठेवता येईल? भाडं तिथेच जमा होतं, तिथे करही नाही.

फ्लॅट खुशाल ठेवा. परदेशात राहत असताना घेतलेली मालमत्ता परतल्यावरही ठेवण्याची मुभा फेमाच्या सहाव्या कलमात आहे, भाडंही तिथल्या खात्यात ठेवता येतं.

कराचं मात्र वेगळं आहे. परतल्यावर सुरुवातीची काही वर्षं बहुतेकांचा दर्जा 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' असा असतो. तोवर परदेशातल्या भाड्यावर इथे कर नाही. तो दर्जा संपला की जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र होतं. दुबईत कर लागत नाही म्हणून इथेही लागत नाही, हा समज चुकीचा आहे. भाडं घरभाड्याच्या उत्पन्नात दाखवायचं, ३० टक्के सरसकट वजावट मिळते.

तो दर्जा संपला त्याच वर्षापासून विवरणपत्रातलं शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावं लागतं. घराचा पत्ता, घेतल्याची तारीख, रुपयांतली किंमत आणि भाडं, हे सगळं त्यात येतं. हिशेब ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचा असतो, मार्चचा नाही. घर रिकामं असलं तरी दाखवायचं. साधा आयटीआर-१ चालत नाही. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या परदेशी खाती-शेअर्सना यातून सूट मिळाली, स्थावर मालमत्तेला मिळालेली नाही. संयुक्त अरब अमिरातीबरोबर माहितीची देवाणघेवाण होते, तेव्हा कळणार नाही असं समजू नका.

आणखी एक प्रश्न: दुबईचा गोल्डन व्हिसा मिळाला की मी अनिवासी होतो का?

नाही. २० लाख दिरहमच्या मालमत्तेवर १० वर्षांचा व्हिसा मिळू शकतो, पण इथला निवासी दर्जा मुख्यतः भारतात किती दिवस राहिलात यावर ठरतो.

मिरजेचे ज्येष्ठ वाचक: इथल्या मृत्युपत्रात दुबईचा फ्लॅट पत्नीच्या नावे लिहिला आहे. पुरेसं आहे?

मी त्यावर विसंबून राहणार नाही. सोसायटीत नॉमिनी लावतो तशी सोय तिथे नाही, आणि संयुक्त नाव असलं तरी दुसऱ्याचा हिस्सा आपोआप हयात असलेल्याकडे जात नाही, तो वारसांकडे जातो. २०२३ पासून लागू झालेल्या संघराज्य कायद्यानुसार बिगर-मुस्लीम व्यक्तीने मृत्युपत्र केलं नसेल तर अर्धा वाटा पती किंवा पत्नीला आणि अर्धा मुलामुलींना समान मिळतो. तुम्हाला सगळं पत्नीला द्यायचं असेल तर हे तुमच्या इच्छेविरुद्ध होईल. भारतातलं मृत्युपत्र तिथे चालवायचं म्हटलं तर साक्षांकन, अरबी भाषांतर आणि न्यायालय, असा मोठा फेरा पडतो, आणि तो तुमच्या पत्नीला एकटीने करावा लागेल. डीआयएफसी या दुबईतल्या आर्थिक केंद्राच्या नोंदणी कार्यालयात फक्त दुबईच्या मालमत्तेपुरतं इंग्रजी मृत्युपत्र नोंदवता येतं. ते करा, आणि इथल्या मृत्युपत्रात 'दुबईची मालमत्ता वगळून' असं स्पष्ट लिहा. नाहीतर नंतरच्या तारखेचं एक दुसऱ्याला रद्द करतं का, हाच वाद उभा राहतो. फ्लॅट पत्नीच्या नावावर झाला की त्या वर्षापासून शेड्यूल एफए त्यांच्या विवरणपत्रात भरावं लागेल, हे त्यांना आजच सांगून ठेवा.